दोगोला न गेलेल्या हात्सुए-सान

तामाशिमाच्या जुन्या बंदराकडच्या गल्लीत हात्सुए मोरिवाकींना ओळखत नाही असं माणूस शोधून सापडणार नाही, आणि त्यांच्या पाठीवरची सॅक ओळखत नाही असं तर मुळीच नाही. सॅक त्यांच्या मुलीची, शाळेतली. कधीकाळी ती निळी होती म्हणतात. आता तिला रंग म्हणावा असं काही उरलेलं नाही आणि एका चेनला ओढायला बुटाची नाडी बांधलेली आहे. ही सॅक पाठीला लावून, लोकरी टोपी कानांवर ओढून अडुसष्ट वर्षांच्या हात्सुए-सान सकाळी स्टेशनच्या दिशेने निघाल्या की गल्लीतली माणसं म्हणायची, "निघाली स्वारी!" कुठे निघाली हे कुणी विचारत नसे, कारण पुष्कळदा ते स्वारीलाही ठाऊक नसायचं.

बाईंनी तीस वर्षं नगरपालिकेच्या शाळांचं जेवण रांधलं. कढई एवढी मोठी, की ढवळायला नावेच्या वल्ह्यासारखं लाकडी उलथणं दोन्ही हातांनी धरावं लागे. घंटा वाजली की तांदूळ धुवायचे, घंटा वाजली की गाड्या भरायच्या, घंटा वाजली की भांडी. घरी आल्यावर नवरा. तो वाईट नव्हता, मुळीच नव्हता. पण जगातली सगळ्यांत चांगली जागा म्हणजे आपली उशी, असं त्याचं ठाम मत होतं आणि ते त्याने मरेपर्यंत बदललं नाही. लग्नानंतर ती दोघं एकदा बेप्पूला गेली आणि एकदा ओसाकाला, तेही कुणाच्या तरी अंत्यविधीला. 

नवरा गेल्यावर वर्षभर त्या टीव्हीसमोर बसून राहिल्या. मग वर्षश्राद्धासाठी चांगल्या उदबत्त्या आणायला म्हणून ओकायामाची गाडी पकडली. ओकायामा आलं. दार उघडलं. उठायचं मनात आलंच नाही. दार बंद झालं, गाडी पुढे निघाली, आणि हात्सुए-सान शेवटच्या स्टेशनपर्यंत खिडकीला नाक लावून बसल्या. हिमेजीला उतरून फलाटावर उभ्याउभ्या गरम शेवयांचा वाडगा संपवला आणि परतीच्या गाडीने घरी आल्या. उदबत्त्या राहिल्याच. नवऱ्याला काय वाटलं असेल ते असो, त्याला कुणी विचारलं नाही.

त्या दिवसापासून बाईंना चटक लागली. पेन्शन म्हणाल तर जेमतेम, त्यामुळे भटकंतीही तशीच. शाळांच्या सुट्ट्या लागल्या की रेल्वेचं एक स्वस्त तिकीट निघतं. नावात तारुण्य आहे, अठरा हा आकडाही आहे, पण वयाची अट कसलीच नाही. फक्त पॅसेंजर गाड्यांनी जायचं, बुलेट ट्रेनकडे बघायचंसुद्धा नाही. हात्सुए-सानना हेच हवं होतं. बुलेट ट्रेनमधून दिसतं काय, तर भिंत. पॅसेंजर कशी दर गावाला थांबते, चार शाळकरी पोरं चढतात, दोन म्हाताऱ्या उतरतात, कुणाच्या पिशवीतून मुळ्याची पानं डोकावत असतात. अशा गाड्यांनी त्या दक्षिणेला कागोशिमापर्यंत जाऊन आल्या, वर निइगाताला पोचल्या. झोपायला गेस्ट हाउसच्या सामायिक खोलीतला खालचा पलंग. वरचा चढायचा तर गुडघे कुरकुरतात. आसपास कुठल्या कुठल्या देशांची उंचच उंच पोरं घोरत असायची, बाईंची त्याला काही हरकत नव्हती. आंघोळीला गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर. दुपारच्या जेवणाला घरून आणलेले भाताचे गोळे, आत खारवलेलं आलुबुखार. आणि रात्रीच्या जेवणासाठी सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी तयार डब्यांवर अर्ध्या किमतीचं लेबल लावणारा माणूस फिरू लागला, की त्याच्या मागे मागे, आपण जणू मिठाची पुडी शोधतोय अशा चेहऱ्याने रेंगाळायचं. या विद्येत हात्सुए-सानचा हात धरणारं कुणी नव्हतं.

हे सगळं छान चाललेलं असताना, गेल्या जानेवारीत गिफू स्टेशनबाहेरच्या बर्फाळ पायरीवरून बाई घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या.

न्यायला मुलगी आली. मासुमी ओकायामाला राहते, दातांच्या दवाखान्यांना लागणारी हत्यारं विकणाऱ्या एका कंपनीत हिशेब बघते, आणि आईच्या अगदी उलट, म्हणजे बापाच्या वळणावर गेलेली आहे. परतीचा प्रवास अर्थातच बुलेट ट्रेनने. क्योतो गेल्यावर ती म्हणाली, "आई, आजपासून एकटीने कुठे जायचं नाही. शब्द दे."

"अगं, पाय घसरला एवढंच. घरातही घसरतो."

"शब्द दे. नाहीतर ते घर बंद करून मी तुला आमच्याकडे घेऊन येईन. खरंच सांगते."

मासुमीकडे म्हणजे सहाव्या मजल्यावर, इस्त्रीचं टेबल ठेवतात त्या खोलीत. हात्सुए-सान नाही म्हणणार होत्या, पण पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिच्या लग्नानंतर बाईंनी तिला रडताना पाहिलं नव्हतं. शिवाय हात ठणकत होता. दिला शब्द.

फेब्रुवारीत प्लास्टर निघालं. मार्चमध्ये तिकीट निघालं. आणि नेमकं मासुमीने आईचं नाव गल्लीच्या ज्येष्ठ मंडळाच्या सहलीत घालून टाकलं. दोगोची गरम पाण्याची कुंडं, बसने, दोन रात्री.

अशा एका सहलीला बाई पूर्वी गेल्या होत्या. पुढे मंडळाचे अध्यक्ष झेंडा घेऊन, मागे सगळे बदकांच्या पिल्लांसारखे. देवळात दहा मिनिटं, खाऊच्या दुकानात पाऊण तास. बसमध्ये माइक फिरतो आणि प्रत्येकाला गावं लागतं, मग खिडकीबाहेर समुद्र असला काय नि डोंगर असला काय. रात्री सगळ्यांनी एकाच रंगाचे झगे घालून एकाच रंगाचा मासा खायचा. हात्सुए-सान अध्यक्षांकडे गेल्या, गुडघा धरून कण्हल्या आणि नाव काढून घेतलं. तिथून सरळ टोफूच्या दुकानात गेल्या.

दुकान किनुयोचं. किनुयो आणि हात्सुए-सान प्राथमिक शाळेपासूनच्या मैत्रिणी. गल्लीत त्यांना अजून 'हाच्चान' म्हणणारी ती एकटीच उरली आहे.

"हाच्चान, तुझं डोकं फिरलंय," सगळं ऐकून घेतल्यावर किनुयो म्हणाली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात होते.

"मी काही सल्ला मागायला आले नाही. तू सहलीला चालली आहेस, तर मला तिथून एक खोका आण. ती केकची गुंडाळी असते ना, आत गोड वाटण भरलेली, ती. मासुमीला द्यायला."

"म्हणजे भटकणार तू आणि हमाली मी करायची?"

"तुला आणीन की मी पण काहीतरी."

"कुठून?"

"ते अजून ठरायचंय."

"बघा! कुठे जायचं ते ठरलं नाही, पण खोटं काय बोलायचं ते ठरलंय. आणि मासुमीने मला फोन केला तर?"

"आंघोळीला गेलीय म्हण. दोगोला माणसं दुसरं करतात काय?"

किनुयोने टोफूची वडी अलगद तळहातावर घेतली, पिशवीत सरकवली आणि पिशवी मैत्रिणीच्या हातात कोंबली. "हे घे आणि जा. पकडली गेलीस तर मी तुला ओळखत नाही."

तर अशा रीतीने, बस दक्षिणेकडे गेली त्या सकाळी हात्सुए-सान उत्तरेकडे निघाल्या. कुराशिकीहून डोंगरात शिरणारी गाडी, निइमीला बदल, मग पुढे एक-दोन डब्यांची, कण्हतकुथत घाट चढणारी. खाली नदी, वर अजून न वितळलेला बर्फ, आणि डब्यात हीटर असा की सीटखालून पोटऱ्या भाजून निघतात. बाईंनी बूट काढले, भाताचा गोळा काढला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना आपण जिवंत आहोत असं वाटलं. समोरच्या शेतकरी आजोबांनी न बोलता एक संत्रं पुढे केलं. त्यांनी न बोलता अर्धं परत दिलं. योनागोला गाडी बदलली तेव्हा भुरभुर गारा पडत होत्या, आणि मात्सुएला उतरल्या तेव्हा सरोवरावर ढग इतके खाली आले होते की पाणी कुठे संपतं ते कळत नव्हतं.

संध्याकाळी त्या न्हाणीघरात गेल्या. टॉवेल डोक्यावर ठेवून गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या, तोच पलीकडच्या दोन आज्या सरकत सरकत जवळ आल्या. परगावचं माणूस पाण्यातसुद्धा ओळखू येतं.

"कुठनं आलात, बाई?"

"तामाशिमाहून. ओकायामाकडे."

"अगं बया! कुणासंगं?"

"कुणासंगं नाही. एकटी."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "मालक वारलं वाटतं?" एकीने हळूच विचारलं.

"वारले. पण म्हणून नाही एकटी आले. त्यांना यायचंच नसतं कुठे."

यावर दोघी अशा हसल्या की पाणी काठावरून सांडलं. "आमचं बी तेच हाय की! फरक एवढाच, आमचं अजून वारलं न्हाई!"

बाहेर बाकावर बसून, एकमेकींना नावं सांगत तिघी दूध पीत असताना हात्सुए-सानचा फोन वाजला. मासुमी.

"आई, पोचलीस? कसं आहे पाणी?"

"पाणी? गरम आहे." हे तरी खरं होतं.

"बाकी कोण कोण आहे तुझ्या खोलीत? मागे कोण हसतंय?"

हात्सुए-सानची बोबडी वळली. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि आज्यांकडे पाहून कुजबुजल्या, "मुलगी आहे. तिला वाटतंय मी मंडळाच्या सहलीबरोबर दोगोला आहे."

त्या दोघींपैकी धाकटीला, म्हणजे जी पंचाहत्तरीची असावी तिला, एवढं पुरे झालं. फोनच्या दिशेने तोंड करून ती मोठ्यांदा ओरडली, "ओ मोरिवाकीबाई! चला लवकर, जेवणं मांडलीत! अध्यक्ष खोळंबल्यात!"

"बघ, बोलावतायत," हात्सुए-सान फोनमध्ये म्हणाल्या. "ठेवते."

"मजा कर हं, आई," मासुमी म्हणाली. इतक्या मायेने म्हणाली, की बाईंनी उरलेलं दूध तसंच खाली ठेवलं. त्या रात्री गेस्ट हाउसच्या पलंगावर पडल्या पडल्या त्यांना स्वतःची थोडी लाज वाटली. फार नाही. पण वाटली.

दुसऱ्या दिवशी तोत्तोरीच्या गाडीला वेळ होता म्हणून त्या गावातून चालत निघाल्या, आणि एका मिठाईच्या दुकानासमोर त्यांचे पाय थांबले. काचेमागे हिरव्या भुकटीत घोळवलेल्या, तांदळाच्या पिठाच्या मऊ मऊ वड्या मांडल्या होत्या. मासुमी पाच-सहा वर्षांची असताना नवऱ्याच्या कुणा नातेवाइकाने या वड्या आणल्या होत्या. पोरीने पाहुण्यांदेखत तीन खाल्ल्या, ओठ हिरवे करून घेतले, आणि नंतर कितीतरी दिवस "हिरवं पाहिजे" म्हणून मागे लागली होती. तामाशिमात हिरवं कुठून मिळणार? आणि मात्सुएला जाणार कोण? बाप तर उशी सोडायला तयार नव्हता.

किनुयो दोगोहून मासुमीसाठी खोका आणणारच होती. पण तो खोका किनुयोने निवडलेला, किनुयोने वाहिलेला. तो खोटेपणाचा खोका होता. परगावी जाऊन आलेल्या आईने पोरीसाठी काय आणलं? काही नाही? हात्सुए-सानच्या जन्मात असं घडलं नव्हतं. गिफूहून मोडका हात घेऊन येतानासुद्धा त्यांनी मुलीला स्टेशनवर थांबायला लावून किनुयोसाठी चेस्टनटची मिठाई घेतली होती. मोकळ्या हाताने घरी जायचं म्हणजे चपला न काढता घरात शिरण्यासारखं. कुणी पकडो न पकडो, आपल्यालाच कसंतरी होतं.

त्यांनी दोन खोके घेतले. एक किनुयोला, एक मासुमीला.

तोत्तोरी, मग चिझूकडून डोंगर ओलांडून त्सुयामा, मग ओकायामा, आणि बस परतायच्या आत बाई घरी. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी आपल्या हुशारीचा कळस केला होता: मात्सुएचा छापील कागद काढून टाकला, दुकानाची चिठ्ठी फाडली, आणि घरून भाताचे गोळे आणले होते त्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात मासुमीच्या वड्या नीट रचल्या. डब्यावर फक्त एक कुत्र्याचं पिल्लू होतं. कुत्र्याच्या पिल्लावरून गाव कसं कळणार?

किनुयो दोगोचा खोका घेऊन आली ती घसा बसवूनच. "सहा गाणी म्हणायला लावली मला त्या मेल्या अध्यक्षाने," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुझ्या वाटणीचीही मीच म्हटली." मग तिने हिरवी वडी तोंडात टाकली आणि जरा निवळली.

मासुमी दोन दिवसांनी येऊन दोन्ही घेऊन गेली. "हे दोगोचं," हात्सुए-सान म्हणाल्या, "आणि हे असंच, एका दुकानात मिळालं." मासुमीने एक वडी तिथेच खाल्ली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "केवढी छान आहे गं! कुठेतरी खाल्ल्यासारखी वाटते." हात्सुए-सानना केवढा आनंद झाला! तो फार टिकला नाही. "इतक्या वड्या आम्हा दोघांना कशा संपणार?" मासुमी पुढे म्हणाली. "सासूबाईंना केक देते आणि या ऑफिसमध्ये नेते. सगळे कायम काही ना काही आणतात, माझंच राहून जातं."

आता परगावचा खाऊ ऑफिसात वाटू नकोस असं कुठली आई सांगू शकेल? बाई म्हणाल्या, "ने की."

रविवारी मासुमी आली ती न कळवता. कुत्र्याच्या पिल्लाचा रिकामा डबा तिने खाली उबेची शेगडी असलेल्या बुटक्या टेबलावर ठेवला, गुडघे मुडपून समोर बसली आणि म्हणाली, "आई, आमच्या ऑफिसात योनेहारा-सान म्हणून आहेत."

"बरं."

"मात्सुएचे आहेत."

हात्सुए-सान चहा ओतत होत्या. चहा पेल्याबाहेर गेला.

"मी सगळ्यांच्या टेबलावर एकेक वडी ठेवत गेले. आई दोगोला गेली होती, तिकडची आहे, असं सांगत. योनेहारा-सानने वडी खाल्ली आणि उठून उभे राहिले. म्हणाले, ही आमच्या गावची. लहानपणापासून खातोय, माझी चूक व्हायची नाही. तुमच्या आईने कुठल्या दुकानातून घेतली? मी म्हटलं, अहो आई दोगोला गेली होती, बसने, मंडळाबरोबर. ते म्हणाले, मग बस चुकली असेल. सगळं ऑफिस हसलं, आई. मीही हसले. मग जागेवर येऊन बसले आणि मला सगळं कळलं. ती 'जेवणं मांडलीत' म्हणणारी बाई आपल्या गल्लीतली नव्हतीच."

हात्सुए-सानने फडकं घेऊन टेबल पुसलं. पुसून झालं तरी पुसत राहिल्या.

"मात्सुएला गेले होते," शेवटी त्या म्हणाल्या. "एकटी."

"शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडला."

"मग आता मी काय करू? सांग ना! गिफूला तू त्या दवाखान्याच्या बाकावर बसली होतीस, सॅक मांडीवर घेऊन. मी दारातून पाहिलं तेव्हा तू इतकीशी दिसत होतीस. मला वाटलं, हिला काही झालं असतं तर मला कळलंसुद्धा नसतं. आणि तू मला फोनवर सांगतेस, पाणी गरम आहे!" मासुमीचा आवाज फाटला. "मी म्हटलं होतं ना, शब्द मोडलास तर हे घर बंद?"

"म्हटलं होतंस." हात्सुए-सानने फडकं खाली ठेवलं. "आता माझं ऐक. गिफूला पडले तेव्हा चार माणसं धावली. एकाने सॅक उचलली, एका पोरीने माझी टोपी शोधून आणली, आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत एक बाई माझा हात धरून बसली. मी या घरात न्हाणीत पडले तर कोण येणार आहे? किनुयो येईल, दुसऱ्या दिवशी टोफू घेऊन. आणि तुझ्याकडे पडले तर तुम्ही दोघं ऑफिसात. पडायचं असेल तर स्टेशनवर पडलेलं काय वाईट?"

मासुमीने डब्याचं झाकण काढलं आणि परत लावलं.

"तीस वर्षं घंटा वाजली की पळायचे मी. मग तुझ्या बाबांचं जेवण, तुझा डबा. कुणाबद्दल तक्रार नाही माझी. पण आता गाडी थांबते, दार उघडतं, आणि वाटलं तर उतरते, नाही वाटलं तर नाही उतरत. एवढंच आहे गं त्यात. मोठं काही नाही. पण ते काढून घेतलंस तर मी नुसती तुझ्या इस्त्रीच्या टेबलाशेजारी बसून मरायची वाट बघीन. तुला खोटं सांगितलं ते वाईट केलं. त्याची मला लाज वाटते. गेले त्याची नाही वाटत."

बाहेर कुणीतरी सायकल लावली, कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. मग मासुमीने नाक ओढलं आणि डब्याच्या झाकणावरच्या पिल्लाकडे पाहत रागारागाने विचारलं, "त्या वड्याच का आणल्यास? केक होता ना? तेवढ्यावर थांबली असतीस तर जन्मात कुणाला कळलं नसतं."

"तू लहानपणी मागायचीस. हिरवं पाहिजे, हिरवं पाहिजे. तेव्हा नाही आणता आलं."

मासुमी पाहतच राहिली. मग तिला आठवलं. ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि आधी रडायला लागली की हसायला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. हात्सुए-सान टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ जाऊन बसल्या. पाठीवरून हात फिरवायची त्या घरात पद्धत नव्हती. तरी फिरवला.

"आणि त्या दुकानाचं नाव सांग," काही वेळाने मासुमी भरल्या नाकाने म्हणाली. "योनेहारा-सान रोज विचारतायत. मी रोज फाइल घेऊन झेरॉक्सच्या मशिनमागे लपते."

हात्सुए-सानने दुकान कुठे ते सांगितलं. पुलावरून डावीकडे, मग कालव्याच्या कडेने. सांगता सांगता त्यांना राहवलं नाही आणि न्हाणीघरातल्या आज्यांचंही सांगून टाकलं, आणि संत्रं देणाऱ्या आजोबांचं, आणि तोत्तोरीच्या आधी समुद्राला खेटून असलेल्या एका एवढ्याशा स्टेशनचं, जिथे उतरून नुसतं बसावंसं वाटलं होतं; पण बस परतायच्या आत पोचायचं म्हणून उतरता आलं नाही.

"म्हणजे माझ्यामुळे," मासुमी म्हणाली.

"दोगोमुळे."

मासुमीने सॅककडे पाहिलं. कोपऱ्यात होती, भिंतीला टेकून, पोट रिकामं. "रोज संध्याकाळी फोन करायचा," ती म्हणाली. "ज्या गावात असशील त्या गावाचं नाव सांगून. खोटं बोलायचं असेल तर अध्यक्षांशी बोल. माझ्याशी नाही."

हात्सुए-सानने मान डोलावली.

"आणि आता कुठे जायचं ठरवलंयस? ठरवलं असशीलच."

खोटं बोलायचं नाही असं आत्ताच ठरलं होतं. "उन्हाळ्यात," बाई हळूच म्हणाल्या. "आओमोरी."

"आओमोरी!" मासुमी ओरडली. "पॅसेंजरने? देशाच्या त्या टोकाला?"

"सावकाश जाईन. मध्ये मध्ये उतरत."

मासुमी उठली, बॅग घेतली आणि दारापाशी जाऊन बूट घालायला लागली. हात्सुए-सान मागे मागे गेल्या आणि पायरीवर उभ्या राहिल्या. एक बूट घालून झाला, दुसरा घालून झाला. बाईंना वाटलं, संपलं, आता ही घरी जाऊन नवऱ्याशी बोलेल आणि इस्त्रीचं टेबल हलवेल.

मासुमीने दार सरकवलं आणि वळून न बघता म्हणाली, "आओमोरीहून सफरचंदाचं काही आणू नकोस हं. ते इथेही मिळतं. दुसरं काहीतरी बघ."

"बघते," हात्सुए-सान म्हणाल्या. मुलगी कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. मग घरात न जाता, चपला घातल्या घातल्या, तशाच टोफूच्या दुकानाकडे पळाल्या.